चांदीचे नॅनोकण: एकच बाटली, पहिल्यांदा विषारी आणि पंधरा दिवसांनी निरुपद्रवी?

पाणपिसू | ६ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय चांदीच्या नॅनोकणांचा पाण्यातल्या जिवांवर होणारा परिणाम. कण मीच तयार केले. आपल्याकडे खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या पाल्याचे ढीग पडतात, गेल्या वर्षीचा तो पाला सुकवून ठेवला होता. त्याचा अर्क काढला, गाळला आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थेंब थेंब सोडला. रंग पिवळा होत होत तपकिरी झाला. यूव्ही-व्हिजिबलवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो ते दाखवणारं यंत्र) ४२० नॅनोमीटरला शिखर आलं, म्हणजे चांदीचे कण बनले. डीएलएसला, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्राला, सरासरी आकार ८५ नॅनोमीटर.

टॉक्सिसिटीसाठी डॅफ्निया घेतल्या, म्हणजे पाणपिसवा. २४ तासांच्या आतली पिल्लं, प्रत्येक मात्रेला २०, पाच-पाचच्या चार बीकरांत, ४८ तास. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत आहे तसंच. फेब्रुवारीत पहिल्यांदा लावलं तेव्हा सर्वात कमी मात्रेलाही जवळजवळ सगळ्या तळाशी निपचित. परवा तीच बाटली, त्याच मात्रा, तोच इन्क्युबेटर २० अंशांवर, आणि सर्वात जास्त मात्रेलाही बहुतेक पोहताहेत! कंट्रोल, म्हणजे चांदी न घातलेले बीकर, दोन्ही वेळा व्यवस्थित.

मार्गदर्शक म्हणतात, पहिला निकाल चांगला आहे, तो लिहून टाक. मला ते पटत नाही. दोन्हींपैकी खरा कोणता, हे कळल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही. कुणी याच्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

सातपूर_शिफ्ट | ६ मार्च, रात्री ११:१५

कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असणार. बाटली उन्हात होती का? पुन्हा डीएलएस करून बघा. आमच्याकडे पिगमेंटचं डिस्पर्शन पंधरा दिवसांत तळाला बसतं, ढवळल्याशिवाय वरचं घेतलं की घात होतो.

पाणपिसू | ७ मार्च, सकाळी ८:०५

बाटली फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये होती, फ्रीझरमध्ये नाही. आज पुन्हा डीएलएस केलं: ९१. फार फरक नाही.

प्रयोगवही | ७ मार्च, दुपारी १:३०

मी मूळची पंचवटीची, आता बारा वर्षं विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. तुम्ही निकाल दाबून न ठेवता इथे मांडलात, फार बरं वाटलं. जरा सविस्तर लिहिते.

आधी डीएलएसबद्दल. ८५ हा आकडा कणांचा आकार आहे असं धरून चालू नका. हे यंत्र कण मोजत नाही. कणांवरून विखुरलेला प्रकाश किती भरभर लुकलुकतो यावरून ते अंदाज बांधतं, आणि लहान कणांच्या बाबतीत हा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे २०० नॅनोमीटरचा एक गठ्ठा २० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतका उजेड पाडतो. तुमच्या बाटलीत बहुतेक कण २० चे असतील आणि थोडे गठ्ठे असतील, तरी यंत्र ८५ म्हणेल. सोबत पीडीआय, म्हणजे कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत ते दाखवणारा आकडा, किती आला तो लिहा. ०.२ च्या आत असेल तर ठीक. ०.४-०.५ असेल तर त्या एका सरासरीला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय अर्कातला चोथाही गठ्ठ्यासारखाच दिसतो. नुसत्या अर्काचं डीएलएस केलंय का?

टीईएम, म्हणजे कण प्रत्यक्ष दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, त्याशिवाय गत्यंतर नाही. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुने घेतात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत, माझी दोन वर्षं अशीच गेली. नमुना गोठवून नेऊ नका. बर्फाचे स्फटिक होताना कण कोपऱ्यात रेटले जातात आणि चिकटतात.

आता खरा प्रश्न. तीन गोष्टी सांगा. कण धुतले का? प्रयोगाचं पाणी कोणतं? आणि दोन्ही वेळा ते पाणी *नेमकं* तेच होतं का?

पाणपिसू | ७ मार्च, रात्री ९:२०

पीडीआय ०.४३. नुसत्या अर्काचं केलं नव्हतं. कण धुतले नाहीत, सेंट्रिफ्यूज केलं की खाली घट्ट बसतात आणि परत सुटत नाहीत, म्हणून तसेच वापरले.

पाणी नळाचं. आमच्याकडे गंगापूर धरणाचं येतं. त्यातलं क्लोरीन काढून वापरते. पहिल्या वेळी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून, हवा सोडून. दुसऱ्या वेळी परीक्षेमुळे वेळ नव्हता, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून अँटिक्लोरीनचे खडे आणून टाकले. पण डॅफ्नियांना त्याने काही होत नाही, कंट्रोल छान होता.

प्रयोगवही | ७ मार्च, रात्री ९:४१

सापडलं. ते खडे म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर फिल्म पक्की करायला वापरायचे तेच. फिल्मवरची न वापरलेली चांदी धुऊन काढणं हेच तर त्याचं काम! थायोसल्फेट चांदीच्या आयनाला (पाण्यात विरघळलेल्या, विद्युतभार असलेल्या चांदीला) इतकं घट्ट धरतं की तो डॅफ्नियाच्या शरीरात सोडियमच्या वाटेने शिरू शकत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रयोगात पिल्लांना विष मिळालंच नाही. कंट्रोलमध्ये चांदीच नव्हती, तेव्हा तिथे काही दिसणार कसं?

पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. हायपोने कण नाहीसे होत नाहीत, त्याने मुख्यतः *आयन* बांधले जातात. विष हायपोने गेलं असेल, तर पहिल्या वेळी मारणारं जे काही होतं ते बहुतांशी आयनच असणार, कण नव्हेत. कण धुतले नव्हते म्हणता, म्हणजे अर्काने न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट बाटलीत तसंच होतं. डॅफ्नियाला ते लिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेतसुद्धा पुरतं.

पाणपिसू | ७ मार्च, रात्री ९:५८

म्हणजे मी वर्षभर सिल्व्हर नायट्रेटची टॉक्सिसिटी मोजत होते?

प्रयोगवही | ७ मार्च, रात्री १०:३०

अजून नक्की सांगता येणार नाही, पण ते तपासता येतं. तुमचं वर्ष वाया गेलेलं नाही. हे खूप जणांच्या बाबतीत घडतं आणि त्यातले बरेच जण तिथे थांबत नाहीत.

असं करा. बाटलीतला थोडा भाग १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज गाळणीतून काढा. कण वर अडकतात, आयन खाली उतरतात. खाली उतरलेलं पहिलं पाणी फेकून द्या, कारण कोरडा पडदा स्वतःच चांदी शोषतो आणि आकडा खोटा कमी येतो. दुसऱ्यांदा गाळून आलेल्या पाण्यातली चांदी एएएस किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजा. मग चार गोष्टी एकाच दिवशी, एकाच पिल्लांच्या तुकडीवर लावा: तुमचा मूळ नमुना, त्याचं गाळलेलं पाणी, तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, आणि चांदीशिवायचा नुसता अर्क. चौथा बहुतेक जण विसरतात. द्राक्षाच्या पानात टॅनिन भरपूर, ते स्वतः निरुपद्रवी आहेत हे कुणी ठरवलं? युरोपीय आयोगाच्या जेआरसी या संशोधन केंद्राने एनएम-३०० के नावाची चांदी संदर्भासाठी ठेवली आहे, तिच्यासोबत चांदी नसलेलं नुसतं माध्यमही वेगळं मिळतं, ते याचसाठी.

कण धुण्यासाठी सेंट्रिफ्यूजऐवजी डायलिसिसची नळी वापरा. वेळ लागतो, पण कण दाबले जात नाहीत. फार दिवस मात्र नको, नाहीतर त्यांना सांभाळणारं आवरणही निघून जातं. आणि धुतलेले कणही आठवडे ठेवले तर पाण्यातल्या ऑक्सिजनने हळूहळू गंजून पुन्हा आयन सोडतात. म्हणून आयनांचं मोजमाप बाटली उघडल्याच्या दिवशी नाही, प्रयोगाच्या दिवशी करायचं.

पाणी नळाचं नको. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार घालून स्वतः बनवा. मात्र डॅफ्नियांसाठी वापरतात ते एम-४ किंवा एम-७ माध्यम टाळा, त्यात ईडीटीए असतं आणि तेही धातू बांधून ठेवतं. कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट आणि पोटॅशियम क्लोराइड यांचं आयएसओ या मानक संस्थेने ठरवलेलं साधं पाणी घ्या. पण त्यातही लिटरला २९४ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असतं. एवढ्या क्लोराइडमध्ये चांदीचा मुक्त आयन लिटरला साधारण ५ मायक्रोग्रॅमच्या वर टिकत नाही, उरलेला सिल्व्हर क्लोराइड होतो. म्हणून चांदीसाठी काही जण कॅल्शियम नायट्रेट वापरतात. तुम्ही काय वापरलं ते आकड्यांसकट लिहिलंत म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता येते.

सातपूर_शिफ्ट | ८ मार्च, सकाळी ७:१०

माझा परवा रात्रीचा अंदाज चुकला, पण शिकायला मिळालं. एक भर घालतो. काचेची भांडी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊ नका, भिंतीला उरलेलं क्लोराइड चांदी ओढतं. पातळ नायट्रिक आम्ल, मग शुद्ध पाण्याने चार वेळा. आणि साठवायला काच नको, पॉलिप्रॉपिलीनची बाटली घ्या. मायक्रोग्रॅमच्या हिशोबात काचेच्या भिंतीला चिकटलेली चांदीही फरक पाडते.

निफाडचा_द्राक्षवाला | ८ मार्च, दुपारी २:४५

माल काढणं चालू आहे, सावलीला बसून वाचतोय. ताई, आमच्याकडे दुकानदार नॅनो कॉपर घ्या म्हणून मागे लागतात. डाऊनी रोगाला बोर्डो मिश्रणापेक्षा भारी, डोस कमी, रेसिड्यूची भीती नाही. तुमचं वाचून प्रश्न पडला. ते आमच्या ड्रममध्ये पडल्यावर नॅनो राहतं का? बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १२०० आहे.

प्रयोगवही | ८ मार्च, संध्याकाळी ६:२०

दादा, धाग्याच्या मुळावरच बोट ठेवलंत. कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे. त्याचा अंदाज झीटा पोटेन्शियलवरून येतो, साधारण ३० मिलिव्होल्टच्या वर, धन असो की ऋण, असेल तर कण लांब राहतात. पण तो मोजतात शुद्ध पाण्यात. तुमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन भरपूर. ते भाराभोवती जमतात, ढकलण्याची ताकद संपते आणि कण मिनिटांत गोळा होऊ शकतात. निव्वळ भारावर उभे असलेले कण लवकर कोसळतात, पॉलिमरचं जाड आवरण असलेले जास्त तग धरतात. त्या बाटलीतल्या मालाला कोणतं आवरण आहे ते मला इथून सांगता येणार नाही.

घरच्या घरी एवढं करून बघा. काचेच्या दोन ग्लासांत एकात आरओचं आणि एकात बोअरचं पाणी, दोन्हीत लेबलवरच्या प्रमाणात औषध. ढवळून दोन तास ठेवा. बोअरच्या ग्लासात गढूळपणा वाढला किंवा तळाशी थर आला, तर ड्रममध्येही तेच होणार. तळाशी काही आलं नाही म्हणून नॅनो शाबूत आहे असं मात्र सिद्ध होत नाही, डोळ्याला न दिसणारे गठ्ठेही असतात.

"नॅनो म्हणून डोस कमी आणि म्हणून सुरक्षित", हे दोन वेगळे दावे आहेत. तांब्याचे बारीक कण जास्त वेगाने आयन सोडतात. बुरशी त्यानेच मरते, आणि शेततळ्यातली पाणपिसूही त्यानेच. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दुकानदाराकडे तीन कागद मागा: नोंदणी, कणांच्या आकाराचा अहवाल आणि सुरक्षिततेचा अहवाल. नोंदणीचा कागद नसेल तर एक्स्पोर्टच्या प्लॉटवर तरी मारू नका.

निफाडचा_द्राक्षवाला | ८ मार्च, रात्री ९:००

ग्लासाचं उद्याच करतो. २०१० ला एका औषधाच्या अंशापायी युरोपात कंटेनर अडकले होते. तो फटका आमच्या गावाने खाल्लाय, त्यामुळे कागद नक्की मागणार.

पेशीघर | ९ मार्च, सकाळी ११:३०

याच विषयातला माझा अडथळा. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर, फुप्फुसाच्या ए-५४९ पेशी. पावडर माध्यमात टाकून बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी ढेकळं फोडणाऱ्या टाकीत) अर्धा तास ठेवते, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ढेकळं दिसतात. दर वेळी एमटीटीचा, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचा, निकाल वेगळा.

प्रयोगवही | ९ मार्च, रात्री ८:१५

पावडर थेट माध्यमात टाकू नका. क्षार असतात तिथे ती सुटायच्या आधीच गोळा होते. युरोपातल्या नॅनोजिनोटॉक्स प्रकल्पाची पद्धत चांगली आहे: १५.३६ मिलिग्रॅम पावडर ३० मायक्रोलिटर इथेनॉलने ओली करायची, मग बोव्हाइन अल्ब्युमिन या प्रथिनाचं ०.०५ टक्के, ५.९७ मिलिलिटर द्रावण. होतं लिटरला २.५६ ग्रॅम. बर्फात ठेवून सोनिकेटरच्या प्रोबने (द्रावणात बुडवायच्या दांड्याने) १६ मिनिटं. अल्ब्युमिन कणांवर बसतं आणि त्यांना वेगळं ठेवतं. त्यानंतरच माध्यमात मिसळायचं.

"१६ मिनिटं" हा आकडा मात्र तुमच्या यंत्राला जसाच्या तसा लागू होणार नाही. पाटीवर ५०० वॉट लिहिलेलं असतं, पाण्यात उतरतं ते फारच कमी. मोजायचं सोपं आहे. ५० ग्रॅम पाणी थर्मोकोलच्या डब्यात, प्रोब बुडवून पाच मिनिटं चालवा, तापमान बघा. समजा १२ अंश वाढलं. ५० गुणिले ४.१८ गुणिले १२ म्हणजे सुमारे २,५०० ज्यूल. भागिले ३०० सेकंद, म्हणजे ८.४ वॉट. हा तुमचा खरा आकडा. तो लिहिलात तर दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या यंत्रावर तोच प्रयोग करता येतो. प्रोबचं टोक खरबरीत झालं असेल तर बदला, ते टायटॅनियमचंच असतं आणि झिजून नमुन्यात उतरतं.

एमटीटीचं वेगळं. हे कण प्रकाश विखुरतात, ५७० नॅनोमीटरच्या वाचनात ते मिसळतं, आणि चाचणीत तयार होणारा जांभळा रंग, फॉर्माझान, कणांना चिकटूनही बसतो. पेशींशिवाय नुसते कण असलेल्या विहिरी (प्लेटमधले खळगे) प्रत्येक प्लेटमध्ये ठेवा. वाचण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या. आणि वेगळ्याच तत्त्वावरची दुसरी एक चाचणी सोबत करा.

शेवटचं, पण माझ्या मते सर्वात दुर्लक्षित: एन्डोटॉक्सिन. कण बनवताना जंतूंच्या भिंतीचे तुकडे चिकटले तर पेशी दाह दाखवतात आणि दोष कणांवर येतो. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एन्डोटॉक्सिन मरत नाही, उलट कण चिकटतात. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास, पाणी पायरोजेनमुक्त (एन्डोटॉक्सिनसारखे पदार्थ नसलेलं), आणि बनवतानाच स्वच्छता. नंतर काढायला मार्ग जवळजवळ नाही.

तपोवन_रोड | १० मार्च, सकाळी ७:४०

विज्ञानाचा नाही मी, पण रोज गोदेकाठी फिरायला जातो म्हणून विचारतो. चांदी लावलेले मोजे, कपडे धुतले की ती नदीतच येणार ना?

प्रयोगवही | १० मार्च, दुपारी १:००

काका, सांडपाण्यात सल्फाइड असतं. शुद्धीकरण केंद्रातून गेलेल्या चांदीचा बराच भाग सिल्व्हर सल्फाइड होऊन गाळात बसतो, आणि ते फार कमी विरघळतं, त्यामुळे विषारीपणाही बराच कमी. म्हणूनच बाटलीतल्या ताज्या कणांवरचा प्रयोग नदीला थेट लागू होत नाही. पण जो नाला केंद्राला न जाता सरळ नदीत उतरतो, त्याच्याबद्दल मी असं म्हणणार नाही. आणि तो गाळ खत म्हणून शेतात जातो तेव्हा पुढे काय, हेही बघायला हवं.

पाणपिसू | २३ मार्च, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पण आकडे घेऊनच यायचं ठरवलं होतं.

बाटलीतल्या एकूण चांदीपैकी जवळजवळ एक तृतीयांश आयन निघाली. गाळलेलं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट, दोन्हींनी पिल्लं सारखीच आडवी केली. नुसत्या अर्काने काही नाही. मग तेच हायपोच्या पाण्यात लावलं: गाळलेल्या पाण्यातली सगळी पोहताहेत. डायलिसिसने धुतलेल्या कणांना तोच परिणाम दाखवायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागली.

टीईएमही झालं. बहुतेक कण १५ ते २५ नॅनोमीटरचे, अधूनमधून गठ्ठे. म्हणजे ८५ हा आकडा त्या गठ्ठ्यांचाच होता. आता आयएसओच्या पाण्यात ०, २४ आणि ४८ तासांना आकार मोजतेय. एक अडचण: प्रयोगाच्या मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, त्यात डीएलएसला काही दिसतच नाही.

मार्गदर्शकांना सगळं नेऊन दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, प्रकरणाचं नाव बदलू. फेब्रुवारीचा निकाल परिशिष्टात जाणार, कारणासकट.

प्रयोगवही | २४ मार्च, सकाळी ९:३०

फार छान काम केलंत. कमी मात्रेचं असं करा: डीएलएस मिलिग्रॅमच्या मात्रेला त्याच पाण्यात करा आणि तसं स्पष्ट लिहा. जास्त गर्दीत कण लवकर चिकटतात, म्हणून तो आकडा वाईटातली वाईट बाजू समजायचा. खऱ्या मात्रेला सिंगल-पार्टिकल आयसीपी-एमएस लागतं, ते नॅनोग्रॅमपर्यंत एकेक कण मोजतं. सोय मिळाली तर ४८ तासांचा एकच नमुना पाठवा. पाणी मात्र रोज मोजा, वरच्या थरातली एकूण चांदी. बाटलीतून घातली तेवढी पिल्लांपर्यंत पोचली असं धरू नका, अर्धी भिंतीला आणि तळाला असू शकते.

निफाडचा_द्राक्षवाला | २४ मार्च, दुपारी ३:१०

ग्लासाचं केलं. बोअरच्या पाण्यात तासाभरात निळसर थर, आरओमध्ये काही नाही. दुकानदाराने आकाराचा कागद दिला, तो शुद्ध पाण्यातला होता. नोंदणीचा अजून दिला नाही. माल परत केला. ताई, आमच्या शेततळ्यातलं पाणी तुमच्या पिसवांवर लावून बघता येईल का? दोन वर्षांपासून बेडूक दिसत नाहीत.

पाणपिसू | २४ मार्च, रात्री ८:५०

नक्की, दादा. दोन लिटर पाणी आणा. प्लास्टिकची नवी बाटली, त्याच पाण्याने तीन वेळा खळबळून, काठोकाठ भरून, सावलीत. फवारणी शेवटची कधी झाली ती तारीख बाटलीवर लिहा. रविवारी सकाळी पिल्लं तयार असतील, दहाच्या आत पोचलात तर त्याच दिवशी लावते.